बदक घेण्याआधी शेजार बघ

बाळा, बदकं पाळायचं मनात आणलंस, छान केलंस. गोराई-मनोरीच्या वाड्या, मरोळ-कोंडिविट्याची गावठाणं, मुलुंडची उरलीसुरली बैठी घरं, जिथे म्हणून अंगण शिल्लक आहे तिथे बदक सुखानं राहतं. पण तुझी नजर आधी रंगावर जाणार, मला ठाऊक आहे. म्हणून बाजारात जाण्याआधीच कानात सांगते.

१. जात ठरवण्याआधी कुंपणापलीकडे कोण राहतं ते बघ — बदक अंगणात राहतं, त्याचा आवाज शेजारी राहतो.

२. अंडी हवीत, मांस हवं की पिल्लं, ते आधी एकदा ठरव — तिन्ही कामं सारखीच चोख करणारी जात नसते.

३. अंड्यांसाठी सुरुवात खाकी कॅम्पबेलनं कर — नीट खाऊपिऊ घातलं तर मादी पाचव्या-सहाव्या महिन्यात अंड्यावर येते आणि वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते. इंग्लंडच्या ॲडेल कॅम्पबेल बाईंनी रनर बदकाशी संकर करून ही जात घडवली.

४. ती खुडूक बसेल ही आशा मात्र धरू नकोस — पिल्लं हवीत तर तिची अंडी खुडूक गावठी कोंबडीखाली ठेव. कोंबडीच्या अंड्यांना २१ दिवस पुरतात, बदकाच्या अंड्यांना २८ लागतात, तेव्हा शेवटचा आठवडा कोंबडीची मनधरणी करावी लागते.

५. भिंतीला भिंत लागून घर असेल तर मस्कोव्ही घे — मादी क्वचितच ओरडते आणि नर नुसता फुसफुसतो. अंडी कमी देते, पण ३५ दिवस बसून स्वतःच उबवते.

६. मस्कोव्ही आणलीस की एका पंखाची लांब पिसं कातरून घे — ती चांगली उडते, आणि कौलावर बसलेलं बदक हाकेला येत नाही.

७. नाताळात घरी बदकाचं मोईल करायचं असेल तर व्हाइट पेकिनची पिल्लं ऑक्टोबर संपता संपता आण — सात-आठ आठवड्यांत ती दोन किलोच्या वर भरतात. जात अंगानं भारी, उकाड्यात धापा टाकते, म्हणून मे महिन्यासाठी तिला ठेवू नकोस.

८. इंडियन रनरची उभी मान बघून भुलू नकोस — अंडी चांगली देते, पण घाबरट आणि पळपुटी, मोकळं फिरायला जागा मागते. मान बघून घेतलं, अंगण बघून पस्तावलं, असं व्हायला नको.

९. पवई तलावावरचं हळदी-कुंकू बदक किंवा अडई कितीही गोड दिसो, कोणी त्यांचं पिल्लू विकायला आणलं तर हात लावू नकोस — ते रानपक्षी आहेत, १९७२च्या वन्यजीव कायद्यानं त्यांना संरक्षण आहे.

१०. एकटं बदक आणू नकोस आणि चारांत दोन नरही नकोत — एकटं सोबतीसाठी दिवसभर हाका मारतं, आणि नर जास्त झाले की माद्यांच्या मानेची पिसं उपटून काढतात. नुसती अंडी खायची असतील तर नराची गरजच नाही.

११. आवाज फुटल्यावरचे पक्षी घेतलेस तर फसायची भीती कमी — मादी खणखणीत ओरडते, नर घोगरा बोलतो, आणि मोठ्या नराच्या शेपटीवर एक-दोन पिसं वर वळलेली असतात. मस्कोव्हीत ही खूण नसते, तिथे नर मादीच्या जवळजवळ दुप्पट दिसतो.

१२. पैसे मोजण्याआधी पालिकेच्या विभाग कार्यालयात परवानगीचं विचार, आणि गोरेगावच्या आरे कॉलनीतल्या केंद्रीय कुक्कुट विकास संस्थेत एक चक्कर मार — विचारायला गेलेला पाय दंड भरायला जात नाही.

१३. तळं नसलं तरी चालेल, पण पाण्याचं भांडं पाच-सहा इंच खोल हवं — नाकपुड्या धुता आल्या नाहीत तर बदक आजारी पडतं. पाणी गोडं दे, खाडीचं खारं नको.

१४. टबातलं पाणी रोज अळू-केळीच्या बुंध्याशी ओत — साठलं तर डेंग्यूचे डास होतात, ओतलं तर खत होतं.

१५. पावसाळ्यात दाणा आठवड्यापुरताच भर, आणि शेंगपेंड किंवा मका हुंगून बघितल्याशिवाय घालू नकोस — कोंबडी सोसेल तेवढ्या बुरशीच्या विषानं बदक मरतं. दाणा कोरडा ठेवावा, भिजवून द्यावा.

१६. पिल्लांना पाव घालून लाड करू नकोस — त्यांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा नायसिन जास्त लागतं, ते कमी पडलं की पाय वाकडे होतात. दाण्यात चिमूटभर यीस्ट घालत जा.

१७. सकाळी नऊच्या आत दार उघडू नकोस — बहुतेक अंडी पहाटे पडतात, लवकर सोडलीस तर सगळं अंगण धुंडाळत बसशील.

१८. संध्याकाळी पक्क्या जाळीत कोंड आणि उरलेला दाणा उचल — मुंगूस आणि घूस सगळीकडे, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला बिबट्याही. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि पावसाळ्यात मागोमाग लेप्टो.

१९. नवा पक्षी महिनाभर वेगळा ठेव, आणि अचानक दोन-तीन मेले तर हात न लावता पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळव — बर्ड फ्लू २००६मध्ये नवापुरात आला, २०२२मध्ये शहापूरच्या वेहळोलीत. बदक वरून धडधाकट दिसूनही तो अंगात बाळगू शकतं.

२०. पहिल्या वर्षी चारच पक्षी ठेव, आणि एक पूर्ण पावसाळा काढल्यावरच पाचवा आण — जागा कोरडी राहते का, दाणा टिकतो का, तुला रोज पहाटे उठवतं का, हे आषाढ-श्रावणाशिवाय कळत नाही.