जुनी सरकारी इमारत : पाडायची की जपायची?

जुनी कचेरी, शाळा किंवा दवाखाना दिसला की आपण पटकन म्हणतो, "पाडा आणि नवीन बांधा!" कधी कधी ते बरोबरही असतं. छत कोसळायच्या बेतात असेल तर त्याखाली मुलांना बसवता येत नाही. पण 'जुनी' आणि 'धोकादायक' हे शब्द समानार्थी नाहीत. आजच्या पाठात हाच फरक समजून घेऊ.

पुण्याचं उदाहरण

भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ आपल्या श्रीवर्धनचे. त्यांचे पणतू दुसरे बाजीराव यांनी पुण्यात विश्रामबाग वाडा बांधला. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि १८२१ मध्ये इंग्रज सरकारने त्याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. राजवाड्याची सरकारी इमारत झाली ती अशी. १८७९ मध्ये वाड्याला आग लागून दर्शनी भाग जळाला. वाडा पाडायला एवढं कारण पुरलं असतं. पण लोकवर्गणी आणि नगरपालिकेची मदत यातून तो पुन्हा उभा राहिला. पुढेही त्यात शाळा, कचेऱ्या चालत राहिल्या. इमारत वापरात राहिली की तिची देखभाल होते. कुलूप लागलं की वाळवी आणि ओल आपलं काम करतात.

मुंबईचं उदाहरण

मुंबईत प्रश्न आगीचा नव्हता, जमिनीच्या भावाचा होता. तिथे श्याम चैनानी यांच्यासारख्या नागरिकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि १९९५ मध्ये वारसा नियम लागू झाले. इमारतींची यादी झाली, महत्त्वानुसार तीन श्रेणी ठरल्या. यादीतल्या इमारतीत बदल करण्याआधी वारसा समितीचं मत घेणं आलं. पुढे ओव्हल मैदान परिसरातल्या रहिवासी संघटनांनीही जोर लावला. २०१८ मध्ये तिथल्या ९४ इमारतींचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्यात उच्च न्यायालय आहे, जुनं सचिवालयही आहे.

आपण काय करू शकतो?

३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ आपण पाहिलं आहे. कौलं उडाली, छपरं गेली. पण छप्पर गेलं म्हणजे इमारत संपली असं नाही. भिंती आणि पाया तज्ज्ञांकडून तपासून घ्यावा, मगच ठरवावं.

१. इमारतीची नोंद करा : फोटो, मापं, बांधकामाचं साहित्य, जुन्या माणसांच्या आठवणी.
२. 'धोकादायक' म्हटलं असेल तर तपासणीचा अहवाल मोठ्यांच्या मदतीने माहिती अधिकारात मागा.
३. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की मुदतीत लेखी हरकत किंवा सूचना द्यायला पालकांना सांगा.
४. नुसता विरोध नको. वाचनालय, संग्रहालय, अभ्यासिका असा नवा वापरही सुचवा.

चौथा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. इमारतीचं काय करायचं याचं उत्तर गावाकडे नसेल, तर ते दुसरं कोणीतरी ठरवतं.

स्वाध्याय : आपल्या गावातली एक जुनी सार्वजनिक इमारत निवडा. तिच्यात आधी काय चालायचं, आज काय चालतं आणि उद्या काय चालू शकेल, हे प्रत्येकी पाच ओळींत लिहा.