छापायची घाई

माझी पहिली कादंबरी २०२१ मध्ये छापून आली. तिच्या तीनशे प्रतींपैकी दोनशेच्या वर अजून शहादा तालुक्यातल्या आमच्या ब्राह्मणपुरीच्या घरी माळ्यावर आहेत, पपईच्या रिकाम्या क्रेटांशेजारी. पावसाळ्यात आठ-पंधरा दिवसांनी गठ्ठे खाली उतरवायचे, वाळवी लागली नाही ना बघायचं, मधला कडुनिंबाचा पाला बदलायचा, पुन्हा वर ठेवायचे. उद्याच्या भयाण जगाची, ज्याला डिस्टोपियन म्हणतात तशी, कादंबरी लिहायला कुणी बसलं असेल तर त्याच्यासाठी हे लिहितो आहे.

सुरुवात केली २०१९ मध्ये. गाव ओलांडायला परवाना लागतो, प्रत्येकाच्या येण्याजाण्याची नोंद होते, दारावर खुणा लागतात, अशी कल्पना होती. आणि २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. शहाद्याला जायला कारण सांगावं लागू लागलं, खेतियाकडची मध्य प्रदेशची हद्द बंद झाली, गावोगाव वेशीवर बल्ल्या आडव्या पडल्या. मला धडकीच भरली. आपण लिहिलेलं भविष्य आपल्या आधी घडून जाणार, मग वाचणार कोण? त्या भीतीपोटी उरलेली दीडशे पानं मी दोन महिन्यांत संपवली. पुढचं सगळं नुकसान तिथून सुरू झालं.

घाईत माणूस जवळ असेल ते उचलतो. माझ्याजवळ होती वाचलेली पुस्तकं. माझं शहर काचेचं, माणसांना नावांऐवजी आकडे, भिंतीभिंतीवर पडदे. आकडे रशियन लेखक झाम्यातिनच्या ‘वी’मधले आणि पडदे ऑर्वेलच्या ‘१९८४’मधले, हे छापून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं. पण त्या दोघांनी ते स्वतःच्या अंगणातून आणलं होतं. झाम्यातिनने १९२०-२१ च्या सुमारास लिहिलं ते डोळ्यांसमोर उभ्या राहणाऱ्या राज्याबद्दल. त्याच्या स्वतःच्या देशात ते पुस्तक १९८८ पर्यंत छापलं गेलं नाही. ऑर्वेलने युद्धातलं लंडन आणि रेशनच्या रांगा भोगल्या होत्या, बीबीसीत नोकरी केली होती. मी काय भोगलं होतं? पपईवरचा व्हायरस, आटलेला बोअर, रात्रीच्या लाईटीची वाट. त्यातलं एकही पुस्तकात नव्हतं.

हे मला समीक्षकाने नाही, शेजारच्या नानांनी दाखवून दिलं. चष्मा पुसत पुसत त्यांनी चाळीसेक पानं वाचली आणि विचारलं, “हाई कोनतं गाव शे रे भो? आठे कोनले पानीच नही लागस?” सव्वादोनशे पानांत एकाही माणसाला तहान लागली नव्हती. माझ्या तालुक्यात घराघरात पहिली गोष्ट निघते ती पाण्याची. तापीवर प्रकाशा आणि सारंगखेड्याला बॅरेज झाले, पाणी अडलं, पण ते शेतात चढवायच्या उपसा योजना वर्षानुवर्षं रखडल्या. भरलेली नदी दिसते आणि शेत कोरडं राहतं. याहून भयाण कल्पना मी काचेच्या शहरात शोधत बसलो होतो.

मराठीत याचा उत्तम धडा होता, तो मी उशिरा वाचला: नागपूरच्या नंदा खरे यांची ‘उद्या’. व्यवसायाने ते स्थापत्य अभियंते होते. या कादंबरीला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नम्रपणे नाकारला. नाव ‘उद्या’ असलं तरी लेखकाची नजर ‘आज’वर रोखलेली आहे, म्हणूनच ती शिळी होत नाही. जग आपल्या पुढे निघून जाईल ही माझी भीती मुळातच चुकीची होती. आजचं जग नीट बघितलं असतं तर घाई करायचं कारणच नव्हतं.

आता पैशांबद्दल. एका प्रकाशकाने फोनवर सांगितलं, विषय ताजा आहे, तोवर आणूया. मी पपईचे आलेले पैसे पाठवले. करारपत्र नाही, किती प्रती, कुठे वितरण, काहीच कागदावर नाही. आयएसबीएनचेही पैसे घेतले. तो क्रमांक आपल्याकडे सरकार मोफत देतं. मुद्रितशोधन झालंच नाही. एका प्रकरणात नायकाचा आकडाच बदललेला आहे, आणि ते पान समोर आलं की आजही मला वाईट वाटतं. दोष प्रकाशकाचा होताच, पण कागद न मागणारा मी होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीनिशी लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरतात. एवढं तरी माहीत असू द्या. पहिलंच पुस्तक असेल तर खिशात हात घालण्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. तिथे हस्तलिखित तपासलं जातं, वेळ लागतो. तो वेळ लागू द्या. नकार आला तरी कुणीतरी वाचलेलं असतं, आणि माझ्या पुस्तकाला छापण्याआधी नेमका तोच वाचक मिळाला नाही.

मी ती कादंबरी पुन्हा लिहितो आहे. या वेळी ती सुलतानपूरपासून सुरू होते. आमच्याच भागातलं हे गाव एकेकाळी परगण्याचं ठाणं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लुटालूट आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांत ते ओस पडलं. उजाड झालेलं शहर इतकं जवळ होतं. भावाचंही तसंच. आज पपईचा भाव ठरवायला शेतकरी आणि व्यापारी शहाद्याच्या बाजार समितीत बसतात, भांडतात, उठून जातात, पुन्हा बसतात. कादंबरीतल्या माझ्या नव्या गावात समोर बसायलाच कुणी नाही. सकाळी मोबाईलवर भाव येतो, आणि मोटर अंगठा लावल्याशिवाय चालू होत नाही.

परवा रात्री बाराच्या लाईटीला नाना आणि मी मोटरीपाशी बसलो होतो. बॅटरीच्या उजेडात मी नानांना पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. संपल्यावर बराच वेळ पाइपात येणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत राहिले, मग म्हणाले, “मंग पानी कोन सोडस?”

दुसऱ्या प्रकरणाची दहा पानं मी त्यावर फाडली. उद्यापासून ते पुन्हा लिहायला घ्यायचं आहे.