पाहण्याजोगे कांहीं मराठी बोलपट

पालकसभेंत दर वर्षीं एक प्रश्न हटकून निघतो. "सर, मुलांना सिनेमा पाहूं द्यावा कीं नाहीं?" माझ्या लहानपणीं ह्या प्रश्नाचें उत्तर फार सोपें होतें. माझे वडील मंडळीचे पाळक होते आणि आमच्या घरीं चित्रपटगृहाचें नांव काढण्याचीही सोय नव्हती. आतां चित्रपटगृहच मुलांच्या खिशांत येऊन बसलें आहे. दाराला कडी घालून जें बाहेर ठेवतां येत होतें, तें आज पांघरुणाच्या आंत उजेड पाडीत असतें. तेव्हां "पाहूं द्यावें कीं नाहीं" हा प्रश्न मागें पडला असून "काय पाहावें व कसें पाहावें" हा प्रश्न पुढें आला आहे, असें मला वाटतें. म्हणून ह्या अंकांत चार-पांच बोलपटांविषयीं लिहिण्याचें योजिलें आहे. ते बहुतेक मराठी आहेत व त्यांतील कांहीं तुमच्या आजोबांच्याही जन्मापूर्वींचे आहेत. जुने म्हणून नाक मुरडूं नये एवढीच प्रारंभीं विनंति.

आपल्या देशांतील चित्रपटाचें मूळ शोधूं गेल्यास तें आपल्या फार जवळ सांपडतें. त्र्यंबकेश्वर येथें 1870 सालीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके ह्यांनीं 1910 सालच्या सुमारास मुंबईंत ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहिला. पडद्यावर प्रभु येशूचें चरित्र पाहतांना त्यांच्या मनांत रामकृष्ण उभे राहिले, व आपल्या देशाच्या कथा अशाच पडद्यावर कां येऊं नयेत, ह्या विचारानें त्यांना झोंप येईना. पत्नी सरस्वतीबाई ह्यांनीं अंगावरचे दागिने दिले. त्यांतून 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट तयार झाला व 3 मे 1913 रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लोकांसमोर आला. तारामतीचें काम करावयास एकही स्त्री मिळाली नाहीं. शेवटीं साळुंके नांवाच्या तरुणानें तें केलें. पुढें 1932 सालीं 'प्रभात' कंपनीनें तीच कथा 'अयोध्येचा राजा' ह्या नांवानें मराठींत बोलती केली, तेव्हां तारामती झाल्या त्या दुर्गाबाई खोटे, म्हणजे मुंबईच्या एका सुशिक्षित, प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्री. एकोणीस वर्षांत समाज कोठून कोठें आला हें मोजावयास ह्याहून चांगली पट्टी मला ठाऊक नाहीं. एका धर्माच्या लोकांनीं आपल्या गुरूची कथा भक्तीनें सांगितली आणि ती पाहून दुसऱ्या धर्माच्या माणसाला आपली कथा सांगण्याची स्फूर्ति झाली, ही गोष्टही आमच्या मंडळींतील ज्यांना "परक्यांचे देवादिकांचे चित्रपट" वर्ज्य वाटतात त्यांनीं ध्यानांत घ्यावी.

आतां 'संत तुकाराम' घेऊं. दामले व फत्तेलाल ह्यांनीं 1936 सालीं हा बोलपट पुण्यास 'प्रभात'मध्यें काढला. पुढच्या वर्षीं व्हेनिस येथील प्रदर्शनांत त्याचा मोठा गौरव झाला. तुकोबांचें काम विष्णुपंत पागनीस ह्यांनीं केलें आहे. हे गृहस्थ पूर्वीं नाटकांत स्त्रीभूमिका करीत. त्यांच्या गाण्याविषयीं पुष्कळांनीं पुष्कळ लिहिलें आहे, म्हणून मी लिहीत नाहीं. शांताराम आठवले ह्यांनीं ह्या बोलपटासाठीं रचलेलें एक पद तर इतकें हुबेहूब उतरलें आहे कीं, अनेक लोक तें तुकोबांचाच अभंग समजून भजनांत म्हणतात!

मला बोलावयाचें आहे तें आवलीविषयीं. गौरी नांवाच्या नटीनें ही भूमिका केली आहे. तुकोबा भजनांत दंग, घरांत दाणा नाहीं, मूल तापानें फणफणलेलें. अशा वेळीं ही बाई देवाशीं भांडते, विठोबाच्या मूर्तीवर पायांतील वहाण उगारावयासही ती कमी करीत नाहीं. शिवाजी महाराजांकडून नजराणा येतो तेव्हां तिला हर्ष होतो, आणि नवरा तो परत करतो तेव्हां तिच्या तोंडचें पाणी पळतें. शेवटीं वैकुंठाचें विमान दारीं येतें व तुकोबा तिला "चल" म्हणतात; ती जात नाहीं. मुलांकडे कोण पाहणार?

हा प्रसंग पाहतांना मला दर वेळीं लूककृत शुभवर्तमानांतील मार्थेची आठवण होते. मरीया प्रभूच्या चरणांपाशीं बसून वचन ऐकत राहिली आणि मार्था पाहुण्यांच्या सरबराईंत गुंतून त्रासली. उपदेशांत आपण नेहमीं मरीयेची बाजू घेतों, व तें योग्यही आहे. परंतु त्या दिवशीं स्वयंपाक कोणी केला, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. दामले-फत्तेलाल ह्यांनीं तो विचारला आहे. त्यांनीं तुकोबांना तिळभर उणें केलें नाहीं आणि आवलीलाही वेडी ठरविली नाहीं. भक्ति खरी आणि भूकही खरी. दोहोंना एका घरांत कसें नांदावें, हा ह्या बोलपटाचा विषय आहे. चमत्कार हा केवळ वरचा साज. सालोमालो हा खलपुरुष मात्र मला थोडा भडक वाटतो. मुलांना तो फार आवडतो, हें मान्य केलें पाहिजे.

कै. नारायण वामन टिळक तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें म्हणत. ज्यांच्या घरीं 'अभंगांजलि' आहे अशा पालकांना हा बोलपट मुलांस दाखवावा कीं नाहीं, अशी शंका पडूं नये.

दुसरा बोलपट 'कुंकू'. शांतारामबापूंनीं तो 1937 सालीं ना. ह. आपटे ह्यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवरून काढला. नीरा नांवाच्या तरुण मुलीचें लग्न फसवून एका वृद्ध वकिलाशीं लावून दिलें जातें. ती त्या घरांत राहते, कामें करते, पण त्या माणसाची पत्नी होण्यास साफ नकार देते. ती रडत बसत नाहीं, पळूनही जात नाहीं. तिच्या अंगाशीं लगट करूं पाहणाऱ्या सावत्र मुलाला तर ती छडीनें फोडून काढते. शांता आपटे ह्यांनीं हें काम असें केलें आहे कीं, पाहणाऱ्याची पाठ आपोआप ताठ होते. पार्श्वसंगीत ह्या बोलपटांत मुळींच नाहीं. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज, रस्त्यावरचे सूर, एवढेंच कानीं पडतें. आजच्या चित्रपटांत दुःख आलें कीं सारंगी सुरू होते आणि आतां रडावें अशी प्रेक्षकास आज्ञाच मिळते. येथें कोणी आज्ञा देत नाहीं. आपलें आपण ठरवावें लागतें. शाळकरी मुलांना हा अनुभव अवश्य द्यावा. आणखी एक गंमत: आमच्या इंग्रजी शाळांतून पिढ्यान् पिढ्या पाठ करून घेतली जाणारी लाँगफेलो कवीची जीवनावरील कविता ह्या मराठी बोलपटांत नीरेच्या तोंडीं आहे. वर्गांत जी कविता घोकंपट्टीनें निर्जीव होते, ती येथें कशी जिवंत होते तें पाहावें.

तथापि 'कुंकू'चा शेवट मला पटत नाहीं. वृद्ध काकासाहेबांना आपली चूक उमगते. ते तिचें कुंकू पुसून तिला मोकळी करूं पाहतात आणि मग स्वतःच आत्मघात करतात. केशवराव दाते ह्यांनीं हा पश्चात्ताप इतक्या प्रत्ययकारी रीतीनें दाखविला आहे कीं, आपण त्यांना क्षमा करून टाकतों. पण जीव देणें म्हणजे पापाचें प्रायश्चित्त नव्हे. पश्चात्ताप झालेल्या माणसानें जगून नुकसान भरून द्यावयाचें असतें. जक्कयानें चौपट परत केलें, हें आपल्याला ठाऊक आहे. शिवाय दुसऱ्याच्या मरणानें मिळणारी सुटका ही नीरेला न्याय मिळाला असें म्हणण्यास पुरत नाहीं. तिचें म्हणणें "मला विचारलें कां नाहीं" एवढेंच होतें, व त्याचें उत्तर बोलपट देत नाहीं. आज कायद्यानें मुलीचें लग्न 18 वर्षांच्या आंत करतां येत नाहीं. पण अठरा वर्षें पुरीं झाल्यावर तरी तिला विचारतात का, हें प्रत्येक घरानें आपलें आपण पाहावें.

शांतारामबापूंचाच 1939 सालचा 'माणूस' वरच्या वर्गांतील मुलांनीं आईवडिलांसह पाहावा. खालच्या वर्गांसाठीं तो नाहीं. गणपत हा साधा पोलीस शिपाई, व मैना ही वेश्या. तो तिला त्या चिखलांतून बाहेर काढूं पाहतो. त्याची देवभोळी आई तिला सून म्हणून घरांत घ्यावयास तयार होते. परंतु आपण त्या घराच्या योग्यतेच्या नाहीं हें मैनेच्या मनांतून जात नाहीं. जगानें ठेवलेला डाग जगानें पुसला तरी तो आंत शिल्लक राहतो, हें ह्या बोलपटाचें दारुण सत्य. योहानाच्या आठव्या अध्यायांतील त्या स्त्रीला प्रभूनें दोषी ठरविलें नाहीं, हें आपण वाचतों. ती घरीं गेल्यावर शेजाऱ्यांनीं तिला कसें वागविलें असेल, ह्याचा विचार 'माणूस' पाहून मी प्रथम केला. गणपतीचें काम करणारे शाहू मोडक हे अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांतले. ह्याच गृहस्थांनीं पुढें 1940 सालीं ज्ञानेश्वरांची भूमिका केली, आणि कृष्णाची तर कितीदां तरी. लोक त्यांच्या पायां पडत. कोणी त्यांना धर्म विचारला नाहीं.

1941 सालच्या 'शेजारी'विषयीं थोडक्यांत सांगतों. एका गांवांत जिवबा व मिर्झा हे दोन म्हातारे जिवलग स्नेही. बुद्धिबळाच्या पटावर त्यांची संध्याकाळ जाते. गांवाजवळ धरण बांधणाऱ्याच्या स्वार्थासाठीं त्यांच्यांत फूट पाडली जाते, आणि धरण फुटतें तेव्हां दोघे एकमेकांचा हात धरून मरतात. ह्याच्या हिंदी आवृत्तींत हिंदु म्हाताऱ्याचें काम मझहर खान ह्या मुसलमान नटानें व मिर्झाचें काम गजानन जागीरदार ह्या हिंदु नटानें केलें होतें. सहा वर्षांनीं देशाचे दोन तुकडे झाले. अधिक काय लिहावें?

दूरदर्शनवरील मालिकांविषयीं माझें मत फारसें अनुकूल नाहीं, हें पालकांनीं क्षमा करून ऐकावें. चित्रपटाला संपावें लागतें. मालिकेला न संपण्यासाठींच पैसे मिळतात. त्यामुळें तींतील सासू कधीं शहाणी होत नाहीं आणि सून कधीं बोलत नाहीं. अपवाद मात्र सांगितला पाहिजे. शंकर नाग ह्यांनीं 1986 सालीं आर. के. नारायण ह्यांच्या कथांवरून केलेली 'मालगुडी डेज' ही मालिका मुलांना पुनःपुन्हां दाखवावी. नारायण ह्यांच्या ज्या कादंबरींतून तिच्यांतील स्वामी आला, तींत तो एका मिशन शाळेंत शिकतो, आणि तेथील शास्त्रवचनें शिकविणारे एबनेझर मास्तर दुसऱ्यांच्या देवांची टर उडवितात म्हणून तो तोंडावर प्रश्न विचारतो. आम्हां मिशन शाळांतील शिक्षकांना हा आरसा आहे. तो आपल्या भिंतीवर असलेला बरा.

आतां अलीकडचा एकच. संदीप सावंत ह्यांचा 'श्वास' 2004 सालीं आला, व 'श्यामची आई' नंतर पन्नास वर्षांनीं मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें सुवर्णकमळ मिळालें. कोंकणांतील एक आजोबा आपल्या नातवाला, परशुरामला, शहरांतील मोठ्या डॉक्टरकडे आणतात. डोळ्यांत कर्करोग आहे. शस्त्रक्रिया केली तर जीव वांचेल, पण दृष्टि जाईल. हें मुलाला सांगितल्याखेरीज शस्त्रक्रिया करूं नये असा डॉक्टरांचा आग्रह. आणि सांगावें कोणत्या तोंडानें, हा आजोबांचा पेंच. अखेरच्या दिवशीं आजोबा नातवाला घेऊन रुग्णालयांतून नाहींसे होतात. सगळीकडे शोधाशोध होते, डॉक्टर संतापतात. आजोबांनीं त्याला शहर दाखविण्यासाठीं नेलेलें असतें. पुन्हां दिसणार नाहीं म्हणून.

गेल्या वर्षीं दहावीच्या वर्गाला आम्हीं हा चित्रपट दाखविला व दुसऱ्या दिवशीं त्यावर चर्चा ठेविली. कांहीं पालकही आले होते. मुलांस एवढें भयंकर सत्य सांगूं नये असें बहुतेक वडील मंडळींचें मत पडलें. मुलें बहुतेक उलट बाजूस. एक मुलगी उभी राहिली. गेल्या पावसाळ्यांत तिचे आजोबा वारले होते. घरांत सर्वांना तीन महिने आधीं ठाऊक होतें. तिची परीक्षा होती म्हणून तिला सांगितलें नाहीं. ती म्हणाली, "मला माहीत असतें तर मी रोज संध्याकाळीं त्यांच्यापाशीं बसलें असतें. मी अभ्यास करीत होतें."

तिची आई मागच्या बाकावर बसली होती. ती कांहीं बोलली नाहीं. तास संपल्यावर मुलें बाहेर गेलीं, तेव्हां ती जागेवरून उठून मुलीच्या बाकापाशीं आली, आणि त्या दोघी बराच वेळ तेथें बसून राहिल्या. मीं फळा पुसला व दार ओढून घेतलें.