घोडा कुठून आला?



इंद्रलोकमधील एका घरी बायबलवाचनाला आम्ही विचारले, "दमास्कसच्या वाटेवर शौल कशावरून पडला?" सगळे एकदम म्हणाले, "घोड्यावरून!" मग 'प्रेषितांची कृत्ये' उघडले. ही हकीकत तिथे तीनदा येते, अध्याय 9, 22 आणि 26 मध्ये. घोडा एकदाही नाही. उलट, दिसेनासे झालेल्या शौलाला सोबत्यांनी हाताला धरून शहरात नेले. घोडा आला चित्रकारांकडून. काराव्हाज्जोचे रोममधील सुमारे 1601 सालचे चित्र तर प्रसिद्धच आहे. 'तीन राजे' म्हणतो तेही तसेच. मत्तय भेटवस्तू तीन सांगतो, माणसे किती ते सांगत नाही.

कुणी खोटे बोलत नव्हते. बरणीत मसाला राहतो, वरची चिठ्ठी तेवढी गळून पडते. गोष्ट लक्षात राहते. ती पाहिली, ऐकली की वाचली, हे पुसले जाते.

1986 मध्ये अमेरिकेचे चॅलेंजर यान फुटले. ही बातमी कशी कळली, ते उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी पुन्हा विचारले, तर अनेकांनी निराळेच सांगितले, आणि तेही छातीठोकपणे.

आम्हीही त्यातलेच. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. कलिन्यातले गळ्याएवढे पाणी आपण डोळ्यांनी पाहिले, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत होतो. शेवटी घरचेच म्हणाले, "अहो, त्या रात्री तुम्ही चर्चगेटच्या ऑफिसात अडकला होता." पाणी टीव्हीवरचे!

भावनांचेही असेच होते. विरार लोकलमध्ये धक्के खाऊन माणूस भाईंदरला उतरतो, रिक्षाच्या रांगेत ताटकळतो आणि दारात मुलाची चप्पल आडवी दिसली की ओरडतो. राग गाडीतला, बोलणी मुलाला. 1521 मध्ये पॅम्प्लोनाला जखमी होऊन अंथरुणाला खिळलेले संत इग्नेशियस हेच न्याहाळू लागले: हा आनंद कुठून आला, आणि ओसरल्यावर मागे काय उरले?

आमच्या नात्यातील दोन घरांचे येणेजाणे कित्येक वर्षे बंद आहे. कारण, लग्नात कुणीतरी बोललेले एक वाक्य. परवा काकूंना विचारले, "तुम्ही स्वतः ऐकलेत?"

"हो तर, माझ्या कानांनी." मग चहा गाळता गाळता त्या थांबल्या. "म्हणजे, जाऊबाईंनी सांगितलं. मी तेव्हा मांडवात नव्हतेच."

जाऊबाईंना देवाघरी जाऊन सहा वर्षे झाली.