काळजाचा ठोका चुकतो तेव्हा

वाईट बातमी ऐकली की आपण म्हणतो, "काळजाचा ठोका चुकला." ते झाले बोलण्यापुरते. पण काही माणसांचा ठोका खरोखरच चुकतो. बसल्या जागी छाती धडधडते. कल्याण स्टेशनचा पूल चढताना दम लागतो. कधी डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे म्हणतात, पित्त झाले असेल. कोणी अंगारा लावतो. असे महिने जातात आणि आजार आत वाढत राहतो. हा आजार कसा ओळखतात, ते आज आपण पाहू.

आधी काळजाचे काम समजून घेऊ. काळीज म्हणजे हृदय. ते आपल्या मुठीएवढे असते. त्यात चार कप्पे असतात, दोन वर आणि दोन खाली. वरचे कप्पे रक्त खाली सोडतात. खालचे कप्पे ते पुढे ढकलतात. रक्त मागे फिरू नये म्हणून झडपा असतात. निरोगी मोठ्या माणसाचे हृदय स्वस्थ बसले असता मिनिटाला ६० ते १०० ठोके देते. दिवसाचे झाले सुमारे एक लाख!

हे ठोके ठरतात कसे? कल्याण जंक्शन आठवा. एक लाइन कसाऱ्याला जाते, दुसरी कर्जतला. सिग्नल मिळाला की गाडी सुटते. सिग्नल बिघडला की सगळाच घोळ. हृदयातही तसेच आहे. वरच्या उजव्या कप्प्यात एक लहानशी जागा आहे. तिथून विजेचा बारीक इशारा निघतो. इशारा मिळाला की कप्पे आवळतात. इशारा बिघडला की ठोके बिघडतात.

म्हणून डॉक्टर दोन तपासण्या सांगतात. पहिली ईसीजी. हातापायांना आणि छातीला तारा लावतात, कागदावर रेघ उमटते. ही तपासणी सिग्नल दाखवते. दुसरी इको. ही गाडी दाखवते, म्हणजे कप्पे, भिंती आणि झडपा.

इको म्हणजे प्रतिध्वनी. मलंगगडाच्या कड्यासमोर हाक मारा, हाक परत येते. इकोचे यंत्र असेच करते. त्याचा आवाज इतका बारीक, की आपल्या कानाला ऐकू येत नाही. तो हृदयावर आपटून परत येतो. त्यावरून पडद्यावर हलते चित्र उमटते.

ठाण्याला पहिली आगगाडी आली १८५३ साली. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९५३ साली, स्वीडन देशातल्या लुंड गावी दोघांनी ही युक्ती हृदयावर करून पाहिली. एक डॉक्टर इंगे एड्लर, दुसरे शास्त्रज्ञ हेल्मुथ हर्ट्झ. त्यांनी यंत्र आणले ते गोदीतले. लोखंडातली चीर शोधण्याचे यंत्र माणसाच्या कामी आले!

ह्या तपासणीला भिण्याचे कारण नाही. डाव्या कुशीवर निजायचे. छातीवर थंड मलम लावतात आणि एक दांडी फिरवतात. सुई नाही, चिरफाड नाही, क्ष-किरणही नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट. लहानपणी कुणाचा घसा धरतो. मग ताप येऊन सांधे सुजतात. त्या तापाने पुढे झडप खराब होऊ शकते. मग वरचा डावा कप्पा ताणतो आणि नीट आवळण्याऐवजी नुसता थरथरतो. रक्त तिथे साचते. त्याची गुठळी होते. ती मेंदूत गेली तर लकवा मारतो. झडप अरुंद झाली आहे, कप्पा फुगला आहे, हे इकोत दिसते. वेळीच औषध सुरू झाले तर लकव्याचा धोका कमी होतो.

पण एक लक्षात ठेवा. इको चांगला आला म्हणजे ठोके चांगले, असे नव्हे. गाडी धड असली तरी सिग्नल बिघडलेला असू शकतो. ठोका अधूनमधूनच चुकत असेल, तर एक दिवसभर अंगावर बाळगायचे लहान यंत्रही देतात. त्याला हॉल्टर म्हणतात.

आवाजाच्या चित्रावरून बिघाडाची नेमकी जागा शोधता येईल काय? अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी ५५ रोग्यांवर तसे करून पाहिले. २०२० साली त्यांनी निकाल छापला. नव्या रीतीने शंभरातल्या ९६ जागा बरोबर सापडल्या. ईसीजीने ७१ सापडल्या. ही रीत अजून नेहमीच्या तपासणीत आलेली नाही.

आपल्या हाती काय आहे? नाडी पाहणे. अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटे ठेवा. घड्याळ लावून एक मिनिट मोजा. ठोके एकसारखे पडत नसतील, तर डॉक्टरांना दाखवा. कळव्याला, कल्याणला, डोंबिवलीला पालिकेची रुग्णालये आहेत. तिथे विचारा, इको कोठे होईल ते सांगतील. कागद जपून ठेवा. बरे वाटले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. छातीत कळ आली, शुद्ध हरपली किंवा तोंड वाकडे झाले, तर थांबू नका. १०८ ला फोन करा.

सांगा पाहू :
१. ईसीजी काय दाखवते? इको काय दाखवते?
२. हृदयात गुठळी कशी होते?
३. घरातल्या एकाची नाडी मोजा. एका मिनिटात किती ठोके पडले, ते वहीत लिहा.