इग्निशन कॉइल : निवड आणि जोडणी

उन्हाळ्यात खंबाटकीचा घाट चढून आलेली जुनी फियाट रस्त्याच्या कडेला बंद पडते. बोनेट उघडून ठेवले जाते. अर्ध्या तासाने इंजिन निवते, गाडी सुरू होते आणि थोड्या अंतरावर पुन्हा तोच प्रकार घडतो. कॉइल गेली, असे निदान होऊन बाजारातून नवी कॉइल आणली जाते. तरीही पुढच्या घाटात गाडी थांबतेच. अशा वेळी बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडलेली असते. एक तर मूळ दोष कॉइलमध्ये नव्हता, अथवा नवी कॉइल त्या गाडीच्या विद्युत जोडणीस अनुरूप नव्हती.

कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून तयार झालेली फियाट ११०० डिलाइट पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघर परिचित झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सी व्यवसायातून ती निवृत्त झाली. परंतु अनेक कुटुंबांनी आपली गाडी आजही जपून ठेवली आहे. उत्पादन थांबून वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्याने सुट्या भागांसाठी या वाहनधारकांना खुल्या बाजारावरच अवलंबून राहावे लागते. म्हणूनच कॉइलची पारख करणे अगत्याचे ठरते.

कॉइलचे कार्य

बॅटरीचा दाब १२ व्होल्ट असतो. प्लगच्या फटीतून ठिणगी पडण्यास मात्र हजारो व्होल्ट लागतात. ही वाढ कॉइल घडवून आणते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये मांडलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व तिच्या मुळाशी आहे. लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेचे थोडे आणि बारीक तारेचे कित्येक हजार वेढे असतात. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट मिटलेले असताना जाड तारेतून प्रवाह वाहून चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. पॉइंट उघडताच ते क्षेत्र कोसळते आणि बारीक तारेत उच्च दाब उत्पन्न होतो. पॉइंट उघडताना तेथे ठिणगी पडून ते जळू नयेत, तसेच क्षेत्र झपाट्याने कोसळावे, ही कामगिरी कंडेन्सरची. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर ही क्रिया सेकंदाला १०० वेळा घडते.

आधी निदान, मग खरेदी

गरम झाल्यावर बंद पडणे हे कॉइल बिघडल्याचे लक्षण आहे, यात शंका नाही. आतील तार उष्णतेने प्रसरण पावून तुटते आणि निवल्यावर पुन्हा जुळते. परंतु सदोष कंडेन्सरही असाच वागतो. शिवाय उन्हाळ्यात पेट्रोल पंपात वाफ कोंडली, तरी गाडी अशीच थांबते. पंपावर ओले फडके ठेवण्याची जुन्या चालकांची रीत त्यातूनच आली.

या तिन्हींतील फरक ओळखण्याची वेळ गाडी बंद पडते तीच होय. इंजिन निवल्यावर पुरावा नाहीसा होतो. एक जादा प्लग तारेने इंजिनच्या धातूस पक्का बांधावा, प्लगची वायर त्यास जोडावी आणि दुसऱ्या व्यक्तीस स्टार्टर फिरवण्यास सांगावे. ठिणगी निळसर व स्पष्ट आवाजाची असेल, तर दोष इंधनपुरवठ्यात शोधावा. ती पिवळट, क्षीण किंवा मुळीच नसेल, तर प्रथम पॉइंट व कंडेन्सर तपासावेत. कंडेन्सर कॉइलपेक्षा पुष्कळच स्वस्त असतो. ही चाचणी करताना वायर हातात धरू नये आणि जवळपास पेट्रोल किंवा गॅसची गळती नाही, याची खात्री करून घ्यावी. हृदयात पेसमेकर असलेल्या व्यक्तीने या कामापासून दूर राहावे.

रोधाचे गणित

कॉइल निवडताना खोक्यावरील व्होल्टच्या आकड्यापेक्षा तिचा रोध महत्त्वाचा. पॉइंटच्या गाड्यांसाठी मुख्यतः दोन प्रकारच्या कॉइल मिळतात. एकीच्या जाड तारेचा रोध सुमारे ३ ओहम असतो व ती थेट १२ व्होल्टवर चालते. दुसरीचा रोध सुमारे १.५ ओहम असतो आणि तिच्या मार्गात तितकाच स्वतंत्र रोधक जोडणे आवश्यक असते. स्टार्टर फिरताना बॅटरीचा दाब उतरतो. त्या क्षणापुरता हा रोधक वगळला जाऊन कॉइलला बॅटरीचा पूर्ण दाब मिळतो.

रोधक नसलेल्या गाडीत १.५ ओहमची कॉइल लावल्यास ४ अँपियरऐवजी ८ अँपियर प्रवाह वाहू शकतो. पॉइंट जळतात, कॉइल तापते आणि काही दिवसांतच निकामी होते. उलट, रोधक असलेल्या गाडीत ३ ओहमची कॉइल लावल्यास प्रवाह पावणेतीन अँपियरच्याही खाली जातो, ठिणगी क्षीण होते आणि पहाटेच्या गारठ्यात गाडी सुरू होत नाही. दोन्ही वेळी दोष मात्र बाहेरच्या मालाला दिला जातो.

गाडीत रोधक आहे की नाही, हे मीटरने कळते. पॉइंट मिटलेले असताना चावी क्षणभर चालू करून कॉइलच्या अधिक टोकावरील दाब मोजावा. तो जवळजवळ १२ व्होल्ट असल्यास रोधक नाही. ६ ते ८ असल्यास आहे. नव्या कॉइलचा रोध दुकानातच तिच्या दोन लहान टोकांमध्ये मोजून घ्यावा.

अधिक व्होल्टची कॉइल लावल्याने इंजिनची शक्ती वाढते, ही समजूतही निराधार आहे. प्लगच्या फटीतून ठिणगी उडाली, की दाब त्यापुढे चढत नाही; उरलेली क्षमता केवळ राखीव राहते. सीएनजीवर चालणाऱ्या इंजिनात ठिणगीस अधिक दाब लागतो. तेथे मात्र ही राखीव क्षमता खरोखर उपयोगी पडते.

जोडणीची पद्धत

चावी बंद करून बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. तारा काढण्यापूर्वी प्रत्येकीवर खूण करावी. पट्टा सैल करून जुनी कॉइल काढावी आणि नवी त्याच जागी, त्याच स्थितीत, घट्ट बसवावी. बॅटरीचे ऋण टोक सांगाड्यास जोडलेल्या गाडीत चावीकडून येणारी तार कॉइलच्या अधिक टोकास आणि डिस्ट्रिब्यूटरची तार उणे टोकास जोडावी. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या काही गाड्यांत धन टोक सांगाड्यास असते. तेथे हा क्रम उलटा होतो. तारांची अदलाबदल झाली तरी गाडी चालते, पण ठिणगीस जास्त दाब लागत असल्याने ती अडखळते. मधली जाड वायर तळापर्यंत दाबून बसवावी.

इंजिन सुरू झाल्यावर अर्धा तास चालवून कॉइल पाहावी. ती कोमट होणे स्वाभाविक आहे. हात ठेवता येणार नाही इतकी तापल्यास रोधाची पुन्हा तपासणी करावी. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवण्याची सवय सोडावी. पॉइंट मिटलेले असल्यास कॉइल तशीच तापत राहते.

इंधन-फवारणीच्या अलीकडील गाड्यांत बहुधा प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते आणि तिचे नियंत्रण संगणकाकडे असते. तेथे वरील पद्धत लागू नाही. त्या गाडीसाठी निर्दिष्ट केलेलीच कॉइल वापरावी. ठिणगी चुकली, की न जळलेले इंधन धुरांड्यात जाऊन प्रदूषण रोखणारे कन्व्हर्टर निकामी होते.

खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी होऊनच नूतनीकृत होते आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र तर अशा गाडीस आवश्यकच आहे. क्षीण ठिणगीची गाडी या कसोटीला उतरणे कठीण. मीटरचा दोन मिनिटांचा उपयोग वाहनधारकाचा खर्च वाचवतो, रात्रीच्या घाटात कुटुंबाचा खोळंबा टाळतो आणि हवाही स्वच्छ राखतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडून स्वतःचे गॅरेज थाटणाऱ्या तरुणाने पान्याबरोबर मीटरही हाताशी ठेवला, तर गिऱ्हाइकाचा विश्वास त्याला सहज संपादन करता येईल.