पो फोडून बघा

वडोदऱ्याच्या कारेलीबागेत आमच्या सोसायटीच्या मागे विश्वामित्री मोठं वळण घेते. त्या वळणातला जमिनीचा तुकडा भर पावसाळ्यात तिन्ही बाजूंनी पाण्यात असतो आणि पूर चढला की चौथी बाजूही बुडते, म्हणून आम्ही त्याला 'बेट'च म्हणतो. माझ्या लहानपणी तिथे करंज, हिवर, निर्गुडी आणि कमरेइतकं मारवेल होतं. गुजराती शेजारी त्याला झिंझवो म्हणतात. मग शहर वाढलं, आसपासची कुरणं इमारतींखाली गेली आणि उरलीसुरली गुरं या एका तुकड्यावर आली. तीस वर्षांत तिथे नुसती टणक, खुरांनी चेपलेली माती राहिली.

२०२१ साली आम्ही सातआठ जणांनी परवानगी काढून, वर्गणी जमवून त्याला काटेरी तार घातली. गुरं थांबली की जुनं सगळं आपोआप परत येईल, अशी आमची पक्की समजूत होती. त्या समजुतीपायी दोन पावसाळे वाया गेले आणि एक माणूस दुखावला गेला. तुमच्या गावात, नदीकाठी, कुणी असं काम काढणार असेल तर त्याने आधी हे ऐकावं.

पहिल्या पावसात जमीन हिरवी झाली, आम्हाला आनंद झाला. दिवाळीपर्यंत कळलं की ती हिरवळ म्हणजे वेडी बाभूळ, इथला गांडो बावळ. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. १९६१ मध्ये कच्छच्या बन्नीत खारी जमीन थोपवायला ते लावलं आणि पुढे तिथल्या गवताळ प्रदेशावरच ते पसरलं. आमच्याकडे ते कुणीच लावलं नव्हतं. मग आलं कुठून?

दाखवलं ते रबारी काकांनी. त्यांच्याच गाई आम्ही बंद केल्या होत्या. तारेपलीकडून ते म्हणाले, "बेन, आ तो पोदळामांथी ऊग्यो छे." हे शेणातून उगवलंय. त्यांनी पायाशी पडलेला शेणाचा वाळका पो उचलून दोन्ही हातांनी फोडला. आत भुश्शासारखा चोथा आणि त्यात तांबूस, चपट्या बिया, कुठल्याच दाताचा ओरखडाही नसलेल्या. मी तळहातावर घेऊन मोजल्या. एका पोत एकवीस.

या बाभळीची शेंग गोड असते. उन्हाळ्यात चारा नसताना गुरं ती आवडीने खातात. बी कठीण, ते पोटातून अखंड बाहेर पडतं आणि खतासकट जमिनीवर येतं. पानाला मात्र गुरं तोंड लावत नाहीत. म्हणजे तीस वर्षं तिथे पेरणीच चालली होती, फक्त खुरांखाली रोप टिकत नव्हतं. आम्ही खूर थांबवले आणि ते सगळं एकदम वर आलं. सोबत घाणेरी आणि गाजरगवत.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या सांता क्रूझ बेटावर असंच झालं. तिथली बहुतेक मेंढरं आणि गुरं १९८०च्या दशकात हटवली, तर मोकळ्या रानात माजली ती बडीशेप, आपण जेवणानंतर चिमूटभर खातो तीच. बाहेरून आलेली, गुरांनी दाबून ठेवलेली. हे मला आधी ठाऊक असतं तर पहिल्या वर्षी तारेवर एक रुपया खर्च केला नसता.

तेव्हा पहिलं वर्ष बघण्यात घालवा. दोन हात लांब-रुंद चौकोन आखा, तेवढाच काट्याकुट्यांनी झाका आणि पावसात तिथे काय उगवतं ते लिहून ठेवा. पुढे अख्ख्या जमिनीत तेच येणार. वेडी बाभूळ दिसली तर गुडघ्याएवढी होण्याआधी, माती ओली असताना मुळासकट उपटा. मोठ्या झाडावर नुसती कुऱ्हाड चालवू नका, आम्ही चालवली आणि एका बुंध्याचे सात फुटवे झाले. जमिनीखाली वीतभर खणून मुळाचा गड्डाच काढावा लागतो.

नदीकाठ असेल तर खणण्याआधी वनखात्याला विचारा. विश्वामित्रीच्या काठावर मगरी बिळं करतात, उन्हाळ्यात अंडी घालतात. आम्ही मे महिन्यात खड्डे घ्यायला निघालो होतो. रबारी काकांच्या मुलाने हात धरून मागे ओढलं, दहा पावलांवर बीळ होतं.

रोपांची घाई करू नका. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून कोनोकार्पस लावा, असा सल्ला आम्हालाही मिळाला होता. २०२३ मध्ये गुजरात सरकारने त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आधी गवत. मारवेलचं बी दिवाळीच्या सुमारास हाताने ओरबाडून गोळा करा. ताजं बी नीट उगवत नाही, पुढच्या पावसापर्यंत कोरड्या पिशवीत राहू द्या. मग माती आणि शेंगा न खाल्लेल्या गुरांच्या शेणात कालवून छोट्या गोळ्या करा आणि पहिल्या पावसाच्या तोंडावर नुसत्या टाका, पुरू नका. गवताने माती धरली की करंज, देशी बाभूळ, निर्गुडी.

तार २०२४च्या ऑगस्टमधल्या पुरात गेली. तिच्यात अडकलेला पालापाचोळा आणि प्लास्टिक काढायला आठ दिवस लागले. आता थोराचं कुंपण धरतोय. इथल्या शेतांना पूर्वी तेच असायचं.

खरं कुंपण मात्र रबारी काका आहेत. त्यांच्याशी आधी बोलायला हवं होतं. पूर ओसरल्यावर मी त्यांच्या अंगणात जाऊन चूक कबूल केली. त्यांनी चहा दिला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, गवत वाढू द्या, आम्ही कापून नेऊ. कार्तिकात बी झडल्यावर ते विळा घेऊन येतात, भारे डोक्यावरून नेतात. गवत कापलं जातं म्हणून उन्हाळ्यात वणव्याची भीतीही राहत नाही. बाहेर शेंगा खाऊन आलेली गाय आठवडाभर गोठ्यातच बांधायची, तिचं शेण बेटावर पडू द्यायचं नाही, हा नियम त्यांनीच घातला. परवा गेले तेव्हा गोठ्याच्या कडेला बसून ते वाळके पो फोडत होते, आणि निघालेल्या बिया चुलीत टाकायला एका डब्यात साठवत होते.